इरल्यातली बाई

कॉम्प्युटरवर टीव्ही दिसतो, हे आमच्या गावात सगळ्यांत आधी मी सांगितलं. तो दिसत नाही, हेही सगळ्यांत आधी मलाच कळलं. पहिली बातमी मी गावभर केली आणि दुसरी दाबून ठेवली.

गाव बाजाराचं होतं, अकोले तालुक्यात, तिन्ही बाजूंनी डोंगर. शतक संपायला दोनेक वर्षं राहिली असतील. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून मी परत आलो आणि एका खताच्या दुकानावरची खोली घेऊन तिथं कॉम्प्युटर क्लास काढला. कॉम्प्युटर तीन होते. एक चालायचा, एक मनात आलं तर चालायचा आणि एक नुसता दाखवायला होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला मी पाय धुवायला लावायचो. एका पालकाला सहज सांगून गेलो होतो की धुळीबरोबर व्हायरस आत येतो. तो माणूस गावात मानाचा निघाला, मग मला तो नियमच करावा लागला. खोटं एकदा बोलायला सोपं असतं. रोज त्याच्यासाठी पाण्याची बादली भरायची म्हणजे कंबर मोडते.

तर पुण्याच्या एका फेरीत मी टीव्ही ट्यूनर कार्ड आणलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी. कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, खाचेत ती बसवायची, मागून अँटेनाची वायर जोडायची, की पडद्यावर टीव्ही. शिवाय चालत्या टीव्हीतलं चित्र एक बटन दाबून जागच्या जागी धरता येतं आणि कागदावर छापता येतं, असं खोक्यावर लिहिलं होतं. मी सगळं जोडलं, बटन दाबलं आणि पडद्यावर मुंग्या आल्या. नुसत्या मुंग्या. वारूळ फुटल्यासारख्या.

पंधरा दिवस मी त्या मुंग्यांच्या मागं होतो. गच्चीवरून येणारी चपटी वायर उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडली होती, ती बदलली. बूस्टर लावला, तर मुंग्या जास्त ठळक झाल्या. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, स्टॅबिलायझर काढून लांब ठेवला. थोडा फरक पडला, म्हणजे मुंग्यांच्या मागं कुणीतरी हलतंय एवढं कळायला लागलं. ती बातम्या देणारी बाई होती की क्रिकेटचा अंपायर, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

खाली दुकानात शेठचा साधा टीव्ही होता, त्याच अँटेनावर. त्याच्यावर चित्र बरं यायचं. एकाच वायरीला मध्ये फाटा देऊन अर्धा सिग्नल खाली अन् अर्धा वर, अशी आमची वाटणी. शेठचा टीव्ही म्हणजे जुना बैल, पाला खाऊनही गाडी ओढायचा. माझं कार्ड म्हणजे शहरातला जावई, ताटात कमी पडलं की उपाशीच उठायचा. शेठ जिन्यात येऊन विचारायचे, “काय मास्तर, आज काय लागलंय सिनेमाला?”

“सिग्नल वीक आहे, शेठ.”

“सिग्नल वीक नाही. मशीन वीक आहे, अन् मशीनवाला त्याहून.”

एवढं होऊनही चहाच्या टपरीवर मी काय सांगत होतो? की माझ्याकडं असं यंत्र आहे, चालत्या टीव्हीतला माणूस थांबवून त्याचा फोटो काढतो. बोलताना मी हवेत बटन दाबून दाखवायचो. ऐकणारे माना डोलवायचे. ती गोष्ट टपरीवरून जीपमध्ये बसली आणि डोंगरात गेली.

ज्येष्ठ महिन्यात एक म्हातारा क्लासमध्ये आला. पाय न सांगता धुतले. जाड भिंगाचा चष्मा, एका काडीला दोरा. वरच्या अंगाच्या एका वाडीचा, भातशेतीवाला. त्यानं टोपीतून एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढं धरलं.

“सर, तुमी टीव्हीतल्या मानसाचा फोटू काढता, असं आयकलं.”

“काढतो,” मी म्हणालो. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तेव्हा लाजही नव्हती.

कार्ड टीव्ही केंद्राकडून आलं होतं. मागच्या आषाढात त्यांची गाडी वाडीत आली होती, भाताच्या आवणीचं, म्हणजे रोपं लावण्याचं, चित्रण करायला. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ते येत्या गुरुवारी संध्याकाळी दाखवणार होते. त्या आवणीत म्हाताऱ्याची बायको होती. भादव्यात ती तापानं गेली. रस्ता वाहून गेला होता, डॉक्टरही पोचला नाही अन् फोटोवालाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता. लग्नातला नव्हता, कारण त्यांच्या लग्नात फोटो काढतात हेच कुणाला माहीत नव्हतं. मतदानाच्या ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं आली, तेव्हा ती दुसऱ्याच्या रानात गेली होती. दोन्ही लेकी लांब दिलेल्या. येत्या भादव्यात वर्षश्राद्ध.

“समद्यांच्या भितीवर फोटू हाय,” म्हातारा म्हणाला. “माझ्या भितीवर खिळा हाय. आन् खरं सांगू का सर, तिचं तोंड मला आताशा धड आठवत न्हाई. सपनात येती ती पाठमोरी येती.”

त्यानं आधी फोटो स्टुडिओत विचारलं होतं. टीव्हीच्या काचेचा फोटो काढला तर मध्ये काळा पट्टा येतो, म्हणून त्या माणसानं नाही म्हटलं. तो प्रामाणिक माणूस होता. तसला एखादा गावात असला की माझ्यासारख्याचं फावतं.

“काळजी करू नका, बाबा,” मी म्हणालो. “गुरुवारी पाचला या. कशा दिसायच्या त्या?”

म्हातारा विचारात पडला. “डाव्या गालावर देवीचे वण हुते,” एवढंच म्हणाला.

गुरुवारी तो तीनलाच आला. पोरांच्या बॅचा मी सोडून दिल्या होत्या. पडद्यावर मुंग्याच होत्या. मग मी डोकं चालवलं. म्हटलं, अर्धा सिग्नल खाली जातोय तो तोडावा. शेठना न विचारता मी फाटा काढला आणि सगळी वायर कार्डात घातली. खालून लगेच आवाज आला, “अहो मास्तर, माझा टीव्ही मेला!” शेठ गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आले. मी त्यांना सांगितलं की या बाबांच्या मंडळींचा फोटो काढायचाय. शेठनी म्हाताऱ्याकडं पाहिलं अन् खुर्ची ओढून बसले.

सगळा सिग्नल दिला तरी जावई जेवेना. मुंग्यांमागं एक ढग हलायला लागला, बस. म्हणून मी म्हाताऱ्याला म्हणालो, “बाबा, गच्चीवर जाऊन अँटेनाचा पाइप थोडा फिरवता का? मला इथून हलता येत नाही.” शेठचे गुडघे गेलेले. राहिला तो एकच. तो माणूस बायकोला बघायला सतरा किलोमीटर आला होता आणि मी त्याला छपरावर चढवला.

मी खालून ओरडायचो, शेठ जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ते वर पोचवायचे.

“अजून उजवीकडं!”

“उजवीकडं म्हणतायत, बाबा!”

“झालं!” वरून.

“नाही आलं! संगमनेरकडं तोंड करा!”

टीव्हीचा टॉवर कुठल्या दिशेला आहे हे मी पट्टीनं नकाशावर मोजून काढलं होतं. पंधरा मिनिटं असं चाललं. मग वरून म्हाताऱ्याचा आवाज आला, “सर, त्या अंगाला मदी डोंगर हाय. आमच्याकडं डोंगराआडच्या मानसाला हाक मारायची तर समोरच्या कड्यावर मारत्यात. ती तिथून माघारी फिरती अन् जाती. कड्याकडं करून बघू का?”

“बाबा, हे हाक मारायचं काम नाही,” मी शेठकडं बघून डोळा मिचकावला. “हे विज्ञान आहे.”

म्हाताऱ्यानं माझं ऐकलं नाही. पाइप फिरवून अँटेनाचं तोंड टॉवरकडं पाठ करून थेट कड्याकडं केलं, आणि माझ्या पडद्यावर चित्र आलं. मुंग्या होत्या, पण मागं शेत होतं, पाणी होतं, वाकलेल्या बायका होत्या. विज्ञान तोंडात बोट घालून बसलं.

“आलं! आलं! बाबा, आलं!”

त्यानं पाइप सोडला. खाली यायला निघाला असणार. चित्र गेलं.

“सोडू नका! धरा, धरा!”

त्यानं पुन्हा धरला. चित्र आलं. माणसाचं अंग लागलं की सिग्नल वाढतो, हे ज्यानं काठीला अँटेना बांधलाय त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी शेठना म्हणालो, “तुम्ही वर जाता का? ते खाली येतील.” शेठ म्हणाले, “मी गच्चीवर पोचेपर्यंत भात कापायला येईल.” खरंच होतं. मी स्वतः वर जाऊ शकत होतो. शेठना फक्त सांगायचं होतं की हे बटन दाबा. पण बटन माझं होतं. पंधरा दिवस मी हवेत दाबलेलं ते बटन आज खरोखर दाबायचं होतं, आणि ते मी दुसऱ्याला देणार नव्हतो.

“बाबा, तुम्ही तिथंच थांबा! फोटो काढतो! कागदावर बघा निवांत!”

“ती दिसती का?” वरून विचारलं.

“दिसते, दिसते!”

आता खरी गोष्ट सांगतो. मला कोण दिसत होतं हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर दहा-बारा बायका होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावरून पाठीवर पावसाचं इरलं, कुणाचं पानांचं, कुणाचं खताच्या पिशवीचं. तोंडं अर्धी झाकलेली. गालावर वण बघायला गेलो, तर मुंग्यांमुळं पडद्यावर सगळ्यांनाच देवी आलेल्या. ओळखू शकणारा माणूस एकच होता आणि त्याला मी पाइप धरायला लावलं होतं.

तेवढ्यात कॅमेरा जवळ गेला. चिखलात उभी एक बाई, हातात रोपांची जुडी, थेट समोर बघत होती. तिच्या इरल्यावरची पिशवीची अक्षरं चक्क वाचता येत होती, ‘युरिया’. पडद्यावर तिच्या उजवीकडं तिच्याचसारखी दुसरी आकृती होती, मुंग्यांत बुडालेली, पुसट. कड्यावर आपटून आलेल्या सिग्नलचा हा ठरलेला रोग असतो. एकाची दोन चित्रं दिसतात, एक खरं आणि एक त्याची पुसट पडछाया. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, त्यामुळं मला ते लगेच ओळखता आलं. पुस्तक वाचलेल्या गाढवाचा हाच त्रास. मी बटन दाबलं. चित्र थांबलं.

“काढला!” मी आरोळी ठोकली. कार्यक्रम पुढच्या दोन मिनिटांत संपला. शेवटी कृषी अधिकाऱ्याचं तोंड इतकं स्वच्छ आलं की त्याच्या मिशीचे केस मोजून घ्यावेत.

मग मी माझं कौशल्य दाखवलं. ती उजवीकडची पुसट पडछाया कापून टाकली, राहिलेली बाई मोठी केली आणि नीटनेटक्या माणसासारखं ते सगळं जुन्याच नावानं साठवून ठेवलं. म्हणजे मूळ चित्र पुसलं गेलं. प्रिंटरनं कर्र कर्र करत ते छापलं. शाईची फीत जुनी होती. काळ्या ठिपक्यांची एक बाई बाहेर आली.

म्हातारा खाली आला. हातांना गंज लागला होता. ते त्यानं धोतराला पुसले, कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर केला.

“ही?”

“हीच.”

“हिचं नाक…”

“सिग्नल वीक होता, बाबा.”

“आन् आमच्यात पिशवीचं इरलं नव्हतं. तिचं पानाचं हुतं.”

इथं मी थांबायला हवं होतं. “टीव्हीवाले देतात कपडे,” मी म्हणालो. “नटीलासुद्धा तेच देतात.”

शेठनी माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं कागदावरच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “तुमी बघितली म्हंजी आसंल. बोलली का काय?”

“लाजत होत्या,” मी म्हणालो.

त्यानं कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घातला आणि निघाला. तो जिना उतरल्यावर शेठ म्हणाले, “मास्तर, फाटा काढला नसता ना, तर माझ्या टीव्हीवर त्यानं बायको डोळ्यांनी बघितली असती. तू त्याला कावळ्यासारखा छपरावर बसवला.” मी वायर परत जोडायला घेतली. उत्तर द्यायचं नसलं की माझ्या हाताला नेहमी काम सापडतं.

तीन आठवड्यांनी बाजारच्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, काटक, नाक सरळ, आवाज खणखणीत. पाय धुवायच्या बादलीकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

“कोन तो मेल्या मानसांचा फोटू काढनारा?”

बॅचमधल्या सगळ्या पोरांनी माझ्याकडं बोट केलं. तिनं पदराआडून एक फ्रेम काढून माझ्या टेबलावर आपटली. काच फुटलेली, सुकलेला झेंडूचा हार अजून तिला चिकटलेला. आत माझी ठिपक्यांची बाई.

“ही कोन हाय?”

मी सांगितलं, अमक्या वाडीच्या अमक्या बाबांची मंडळी, भादव्यात वारली.

“मी हाय ही, मुडद्या! ह्ये इरलं माझं. ह्ये युरियाचं पोतं माझ्या नवऱ्यानं तुझ्या ह्या खालच्या शेठकडनं आनलेलं. तीन आटवडे झालं, त्या घरात माझ्या फोटूला हार घालून उदबत्ती लावत्यात. मी मेली का?”

पोरं हसायला लागली. तिनं एकदाच मागं वळून बघितलं, पोरं कीबोर्डवर वाकली.

मग कळलं ते असं. ती म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाची बायको. भिंतीला भिंत लागून घर. तिचं आणि मेलेल्या जावेचं तीस वर्षं बोलणं नव्हतं, कारण एका कोंबडीचं काहीतरी. त्यामुळं तिचा पाय त्या घरात पडत नव्हता. वाडीतल्या बायांना फोटोतली ओळख लागली, त्या गालात हसल्या आणि गप्प बसल्या. तीन आठवडे सगळी वाडी गंमत बघत होती. शेवटी कुणीतरी तिच्या नवऱ्याला पारावर विचारलं, “काय रे, थोरला तुझ्या बायकोला रोज ववाळतो म्हनं?” धाकटा उठला, घरात शिरला, फ्रेम खिळ्यावरून उपटली आणि थोरल्याच्या पायाशी फोडली. भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

“पण बाबांना कळलं कसं नाही?” मी विचारलं. “तुम्ही तर शेजारी राहता.”

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी नागडा हिंडतोय.

“थोरले दीर हायेत माझे. लगीन झाल्यापासून त्यांच्यापुढं पदर नाकाखाली असतोय. त्यांनी माझं तोंड कवा बघितलंय? त्यांना न्हाई कळलं, त्यात त्यांचा काय गुन्हा? तू सांग, तुला काय झालं हुतं?”

“मी दोघींनाही ओळखत नव्हतो.”

“मग हीच म्हनून कशाला सांगितलंस?”

मी टेबलावरच्या काचा वेचायला घेतल्या. तिनं फ्रेमकडं बोट केलं. “ती माझ्या बगलंलाच हुती, ह्या अंगाला. त्या टीव्हीवाल्यानं आमाला चिकटून हुबं केलं, म्हनला भैनी वाटता. तीस वरसांत पयल्यांदा मी तिच्या शेजारी हुबी ऱ्हायले. ती कुटं गेली?”

मी फ्रेमकडं बघितलं. बाईच्या खांद्याजवळ, उजवीकडं, कागदाची कड होती, मी स्वतःच्या हातानं सरळ कापलेली. कडेला तीन बोटं आणि रोपांची दोन पाती राहिली होती. पडछाया म्हणून जी कापली, ती म्हाताऱ्याची बायको. मूळ चित्र पुसलेलं. बाईसमोर मी पाऊण तास कॉम्प्युटरमध्ये शोधल्याचं नाटक केलं, कारण नाही म्हणायला तोंड उघडेना.

“न्हाई ना?” ती म्हणाली. “चल मग वाडीत. समद्यांसमोर सांग, चूक तुझी हाय. माझा नवरा मला दारात हुबी करंना.”

मी गेलो. जीपमध्ये ती पुढं बसली, मला मागं टपावर बसायला लावलं, जागा असूनही. वाडीत शिरताच एकानं ओरडून सांगितलं, “आरं, मेल्याला जिता अन् जित्याला मेला करनारा आला!” पारावर मी उभा राहून सगळं बोललो. ट्यूनर, सिग्नल, पडछाया, सगळं. कुणाला काही कळलं नाही, पण मी गाढव आहे एवढं सगळ्यांना पटलं, आणि काम भागलं. धाकट्या भावानं विचारलं, “म्हंजी थोरल्याच्या मनात कायबी नव्हतं?” मी म्हणालो, नव्हतं. तो म्हणाला, “आन् तुझ्या डोक्यात?” मी म्हणालो, त्यातही काही नव्हतं. लोक हसले. भाऊ उठून घरी गेला.

मग मी म्हाताऱ्याकडं गेलो. ओट्यावर बसला होता. बस म्हणाला नाही, मी बसलो. शिवी देईल असं वाटत होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

“सर,” तो म्हणाला, “तुमी तिला बघितली. खरी ती. कापायच्या आदी. कशी दिसत हुती?”

खरं सांगायचं तर मला एक राखाडी ठिपका आठवत होता. पण तो माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता आणि तिला शेवटचं बघणारा मी होतो. माझी जीभ पुन्हा सुटली.

“चेहरा गोल होता.”

“न्हाई. लांबट हुता.”

“हां, लांबट. नाक जरा मोठं.”

“मोटं? काय बोलता!” तो चिडला. “बारकं हुतं.”

मला युक्ती सापडली असं वाटलं. मी चुकीचं सांगत जावं, त्यानं खोडत जावं, म्हणजे त्याला आठवत जाईल. स्वतःच्या हुशारीवर मी पुन्हा एकदा खूश झालो. मी म्हणालो, “डोळे घारे होते.”

मी वाट बघितली. त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला.

“घारे?” त्यानं हळूच विचारलं. “व्हय. आसतील घारे.”

त्याला ठाऊक नव्हतं. मी ठोकून दिलेले डोळे त्यानं तिच्या तोंडावर बसवून घेतले. मला ते काढूनही घेता येईनात.

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून, मधल्या कुडाआडून, आवाज आला. तिथं धाकटी शेळीची धार काढत बसली होती. थोरल्या दिराशी तिनं थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ती शेळीशी बोलली.

“आयकलंस का गं शेरडे? घारे म्हनं! काळे हुते. काळे कुळकुळीत, कोळशावानी. आन् डावा जरा बारीक, आपल्याला डोळा मारतीय का काय वाटायचं.”

म्हातारा ताठ बसला.

“नकटी हुती, नकटी,” ती शेळीला सांगत होती. “नाकावरनं वरवंटा फिरल्यावानी. वरचे दोन दात म्होरं. हासली म्हंजी हिरड्या भाईर. डाव्या भिवईवर खोक हुती. ती मीच पाडली, खुरपं फेकून. तीन दिस सुजली हुती. तिनं मला दगड मारला, तो लागला न्हाई, कुकर्मीचा नेम वाईट हुता.”

म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात मारला. “लिवा.”

पेन होतं, कागद नव्हता. मी तसं सांगितलं.

“मग हातावर लिवा,” तो म्हणाला. मग कुडाकडं तोंड करून तोही शेळीशीच बोलला, “म्होरं?”

पलीकडं धारेचा आवाज थांबला. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.

“म्होरं काय? रंग तव्यावानी. हनवटीवर तीळ, त्यात केस. सा महिन्यांनी उपटायची, पुन्ना यायचा…”

माझा तळहात भरला. मी बाही वर सारली.